वजा हमाली

न्हाणीघराच्या दाराची बिजागरी निसटली म्हणून मी अण्णांच्या दुकानात गेलो आणि दहाची नोट पुढं करून म्हणालो, "दीड इंची स्क्रू द्या, सहा."

"कशाला पायजेत?"

"दाराला."

"कुठल्या?"

"न्हाणीघराच्या."

"लाकडी का पीव्हीसी?"

"लाकडी."

"खालनं कुजलंय?"

"थोडंसं."

"मग सर, भुशात स्क्रू बसतोय होय?" असं म्हणून अण्णांनी माझी नोट माझ्याकडं परत सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. "तुला काय? खिळे? कशाला?"

सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत अण्णांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तसं दुकान तुमच्याही गावात असणार, आणि गल्ल्यावर असाच एक अण्णा असणार. तो माल विकत नाही, मालाची परवानगी देतो. औषधाच्या दुकानात झोपेची गोळी मागितली तर एवढी चौकशी होत नाही, पण अण्णांकडून गिट्टीचं पाकीट घ्यायचं तर भिंत विटांची की ब्लॉकची, टांगणार काय, आरसा की वडिलांचा फोटो, आणि वडील गेले कधी, इथपर्यंत सांगावं लागतं. सगळ्यात संताप कशाचा येत असेल, तर घरी येऊन बघावं तर त्यांचंच बरोबर निघतं. दाराचा खालचा कोपरा मी बोटानं दाबला आणि बोट आत गेलं.

अण्णांचं दुसरं अंग हिशेबाचं. कंजूष म्हणता येणार नाही, चहा पाजतात. पण फुकट द्यायचं नाही आणि फुकट घ्यायचं तर मुळीच नाही, असा त्यांचा बाणा. आमच्या मुलाच्या मुंजीत त्यांनी स्टीलचा डबा दिला होता. त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही डबाच दिला, तर दुसऱ्या दिवशी पोऱ्या एक चमचा घेऊन हजर. "अण्णांनी सांगितलंय, तुमचा डबा चाळीस ग्रॅम जास्त भरला."

असा माणूस पडला, म्हणजे शिडीवरून पडला, आणि मांडीचं हाड मोडलं. आता हे कसं झालं ते सांगायला हवं, पण त्याआधी नदीचं सांगायला हवं.

सांगलीत माणसाला स्वतःची उंची ठाऊक नसेल, पण आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ठाऊक असते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ साली पाणी आलं तेव्हा अण्णांनी सोसलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं आणि अण्णांच्या दुकानात पुरुषभर पाणी उभं राहिलं. चिखल निघाल्यावर अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर लाल ऑइलपेंटनं भिंतीवर रेघ मारली. मग सगळा माल नव्यानं लावला. पाण्यानं ज्याचं काही बिघडत नाही ते रेघेखाली, म्हणजे पीव्हीसी पाइप, घमेली, बादल्या, वाळूच्या चाळण्या. ज्याचं बिघडतं ते रेघेवर, म्हणजे ड्रिल मशीन, पितळी नळ, कुलपं, खिळे, स्क्रू. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा एक खिळासुद्धा गंजला नाही. गल्लीतल्या बाकीच्या दुकानदारांनी येऊन ती रेघ पाहिली. अण्णांनी त्यांना चहा पाजला.

फक्त एक झालं. दिवसभरात मुठीमुठीनं खपणारा सगळा माल आता डोक्याच्या वर होता, आणि कुठला डबा कुठं हे लिहिलेलं नव्हतं, अण्णांच्या डोक्यात होतं. त्यामुळं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी अण्णा रोज तीस-चाळीस वेळा शिडी चढू लागले. शिडीच्या पायांना घालायचे रबरी बूट दुकानात विकायला होते. ते स्वतःच्या शिडीला लावले असते तर विकायचे दोन कमी झाले असते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन रंगाच्या सीझनला, एकानं पितळी नळ मागितला. अण्णा वर चढले, नळ हातात घेतला, आणि तिथं त्यांना आठवलं की आपण विचारलंच नाही. वरूनच म्हणाले, "कशाला पायजे?" गिऱ्हाईक म्हणालं, "गच्चीवरच्या टाकीला." आता गच्चीवर पितळी नळ लावणं म्हणजे चोराला आमंत्रण. हे त्या माणसाला नीट समजावून सांगण्यासाठी अण्णा शिडीवर पूर्ण वळले.

खाली पडल्यावर मांडी जिथं सांधा नाही तिथं वाकली होती. दुकानात तेव्हा एक सुतारमिस्त्री, एक प्लंबर आणि पाइप उतरवणारे दोन हमाल होते. दारात पाइपांचा छोटा हत्ती उभा होता. स्ट्रेचर कुठून आणायचं? मिस्त्रींनी भिंतीला लावलेला एक फ्लशचा दरवाजा ओढला. अण्णांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, घाम फुटला होता, पण डोळे उघडून ते म्हणाले, "तो नको. तो गिऱ्हाइकाचा बाजूला काढलाय. त्याच्या मागचा घ्या." मागचा घेतला. त्यावर सरकवताना पुन्हा म्हणाले, "प्लास्टिक काढू नका." चौघांनी चार कोपरे धरले आणि अण्णांना दारासकट मिरजेला नेलं. सांगलीत माणूस मोडला की मिरजेलाच नेतात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी कागद भरताना विचारलं, "कसे पडलात?"

"शिडीवरनं."

"या वयात शिडीवर कशाला चढलात?"

हा 'कशाला' आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्या बाजूनं आला होता. काकू, म्हणजे अण्णांच्या बायको, सांगतात की अण्णा गप्प बसले. काकूंना वाटलं, शुद्ध गेली.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, म्हणजे खालचा भाग बधिर आणि वरचा भाग अण्णा. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडं ड्रिल चालू झालं तसे अण्णांचे कान टवकारले. थोड्या वेळानं ते पडद्याला उद्देशून म्हणाले, "डॉक्टर, बिट बोथट झालंय. आवाज येतोय बघा." भूल देणाऱ्या मॅडमनी झोपेचं औषध थोडं वाढवलं. पण बिट बदललं होतं, हे डॉक्टरांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर म्हणाले, "हाडात नेल घातलाय."

"खिळा?" अण्णा म्हणाले. "खिळा ठोकतात. तुमी तर आधी भोक पाडलं, मग हा सरकवला, मग वर-खाली आडवे स्क्रू मारले. ह्याला खिळा कसा म्हणायचं?"

डॉक्टरांना हा पेशंट आवडला असावा. जर्मनीत क्युंचर नावाच्या सर्जननं १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत असा खिळा पहिल्यांदा बसवला, तेव्हा आडवे स्क्रू नव्हते आणि तो खरंच हातोडीनं ठोकत, ही सगळी हकीगत त्यांनी कॉटवर टेकून सांगितली. अण्णांनी विचार केला. म्हणाले, "तसं असेल तर चालतंय." मग त्यांनी फायलीतलं स्टिकर मागितलं. टायटॅनियम, दहा बाय तीनशे साठ, खाली बॅच नंबर. "जाडी तीन सुताला जरा वर. लांबी सव्वाचौदा इंचाला एक केस कमी. तुमी काल साधारण चौदा म्हणालात." या 'साधारण'चं त्यांना फार लागलं होतं. बिलावर जीएसटी नाही हे बघून आधी बरं वाटलं, आणि मग इनपुट मिळणार नाही हे लक्षात येऊन वाईट वाटलं.

दरम्यान काकूंनी दुकान उघडलं होतं. काकू काहीएक विचारत नसत, मागेल ते देत. त्या दिवसांत विक्री वाढली असं गल्लीचं म्हणणं आहे. उधारी वाढली असं अण्णांचं म्हणणं आहे. दोन्ही खरं असावं.

घर दुकानाच्या वर, सतरा पायऱ्या. त्या चढायला बंदी. म्हणून अण्णांची कॉट दुकानातच आली. एका बाजूला प्रायमरचे डबे, दुसऱ्या बाजूला पाइपांचा ढीग, मध्ये अण्णा. डावा पाय उशीवर, गल्ल्याची किल्ली गळ्यात. दहा फुटी अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपाच्या टोकाला त्यांनी एक एल्बो आणि वीतभर तुकडा बसवून आकडा केला होता. या काठीनं ते पडल्या पडल्या लाल रेघेच्या वरचा कुठलाही डबा दाखवत, वेळेला ओढूनही काढत, आणि बारक्या, म्हणजे दुकानातला पोऱ्या, मोबाइल बघत असला तर त्याच्या खांद्यावर टकटक करत.

आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मालाआधी विचारी, "अण्णा, कसं काय झालं ओ?" ज्यानं आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले त्याला लोकांनी घेरलं. पहिले दोन दिवस अण्णांनी सगळ्यांना सगळं सांगितलं. एकदा सांगायला बारा मिनिटं लागत. अशी वीस माणसं म्हणजे चार तास. तिसऱ्या दिवशी त्यांनी दर ठरवले. वायसर घेणाऱ्याला, "पडलो." गिट्टीचं पाकीट घेणाऱ्याला, "शिडीवरनं पडलो." चार लिटरचा रंग घेतला तर गच्चीवरच्या टाकीपर्यंत. ड्रिल मशीन घेतलं तर मिरज, पडदा आणि बोथट बिट. आणि कुणी अख्ख्या बाथरूमचं फिटिंग उचललं, तर उशीखालून एक्स-रे निघे आणि ट्यूबलाइटसमोर धरून वरचे दोन, खालचे दोन स्क्रू मोजून दाखवले जात. मी मुळात वायसरवाला. महिनाभर मला 'पडलो'च्या पुढं काही कळलं नाही. वर जे लिहिलंय ते कळण्यासाठी आमच्या घरचे सगळे नळ बदलावे लागले.

लोक सल्लेही देत, त्यांना मात्र अण्णांकडं काही दर नव्हता. कुणी कांडवेलीचा लेप सांगे, कुणी पन्हाळ्याकडचा हाडवैद्य. एका ठेकेदारानं गळ्यात तुळशीची माळ असलेल्या या माणसाला बोकडाच्या पायाचा रस्सा सुचवला. आणि घराघरांतून डिंकाचे लाडू येत. अण्णा ते वहीत लिहून घेत. 'डिंक लाडू, ११ नग, प्लंबरच्या घरून.' रिकामा डबा परत करायचा नाही असा आपल्याकडं रिवाज आहे. लोक साखर घालतात, फळ घालतात. अण्णांच्या घरात साखर वर, सतरा पायऱ्यांवर. त्यामुळं प्लंबरच्या बायकोला डबा परत मिळाला तेव्हा आत दोन किल्ल्यांसह एक कुलूप होतं. आमच्या डब्यातून एम-सील आणि टेफ्लॉन टेपची तीन रिळं आली. लाडवांच्या मानानं एखादं रीळ जास्तच होतं, आणि मी चमचा पाठवायला विसरलो नाही.

कण्हण्याविषयी एक शब्द सांगतो. अण्णांना दुखत होतं, यात शंका नाही. रात्री गल्लीत सामसूम झाली की शटरच्या आतून जो आवाज यायचा तो ऐकवत नसे, आणि काकू सतरा पायऱ्या उतरून खाली येत. पण दिवसाचं कण्हणं वेगळं होतं. ते उधारीवाला दारात दिसला की सुरू होई आणि रकमेप्रमाणं चढे. "आता काय माझं," ते पाइपाची काठी छातीवर आडवी ठेवून म्हणत, "आज आहे, उद्या न्हाई. तेवढी वही मोकळी झाली की सुटलो." एका बिल्डरचे अठरा महिने अडकलेले पैसे या वाक्यावर निघाले. चेक हातात आल्यावर अण्णांनी तारीख, सही आणि अक्षरी रक्कम तपासली, आणि कण्हायचं थांबून त्याला विचारलं, "पाया कितीपर्यंत आलाय?"

पंधरा दिवसांनी वॉकर आला. हाडाचे दोन-तीन तुकडे झालेले, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले सहा आठवडे मोडक्या पायावर वीस किलोच्या वर भार टाकायचा नाही. घरी बाथरूमचा वजनकाटा असला तर त्यावर पाय ठेवून वीस किलो म्हणजे किती दाब, त्याची सवय करा. बहुतेक पेशंट हे ऐकतात आणि अंदाजानं चालतात. अण्णांकडं खिळे तोलायचा शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, आणि त्यावर वैधमापनचा त्या वर्षीचा शिक्का होता.

रोज अकरा वाजता दुकानाच्या मधोमध हा कार्यक्रम होई. काटा जमिनीवर. शेजारी, त्याच उंचीला येतील असे, एकोणीस एमएम प्लायचे पाच तुकडे एकावर एक. उजवा पाय प्लायवर, डावा काट्यावर, हात वॉकरवर. बारक्या डिस्प्ले वाचणार.

"अकरा दोनशे."

अण्णा ओठ आवळून जरा कलत.

"सतरा. अठरा नऊशे. वीस तीनशे!"

"जास्त झालं." पाय किंचित उचलत. "आता?"

"एकोणीस आठशे."

डॉक्टरांचे वीस म्हणजे वीसच्या आसपास, हे अण्णांना कुणी सांगू शकलं नसतं. वीस पूर्णांक शून्य शून्य येईपर्यंत कपाळावरचा घाम ओघळून नाकाच्या शेंड्याला लोंबे आणि तिथं थांबे, कारण पुसायला हात मोकळा नसे. एकदा अशाच वेळी एक गवंडी आला. दोन किलो खिळे हवे होते आणि घाई होती. काटा एकच. अण्णांनी पाय काढला नाही. बारक्याला म्हणाले, "टेअर दाब." डिस्प्लेवर शून्य आलं. "आता माझ्या पायाशेजारी टाक खिळे." बारक्या खिळे टाकू लागला, आकडा चढू लागला, आणि गवंडी खाली वाकून अण्णांच्या पंजाकडं डोळे लावून ओरडला, "अण्णा, पाय दाबू नका! पाय दाबू नका!"

आता त्या दाराविषयी सांगायचं राहिलं.

दार मिरजेहून छोट्या हत्तीतून परत आलं होतं आणि जागेवर भिंतीला लागलं होतं. अठ्ठ्याहत्तर बाय तीस, प्लास्टिकसकट. गल्लीत सगळ्यांना त्याची हकीगत माहीत, त्यामुळं कुणी घेत नव्हतं. पण अण्णांना डाचत होतं ते वेगळंच. ज्या चौघांनी उचललं त्यांना त्यांनी प्रत्येकी दोनशे रुपये पाठवले होते. चारही जणांनी परत पाठवले. प्लंबर म्हणाला, माणूस नेलाय, माल नाही. बाकी तिघांनी तेवढंही म्हटलं नाही. लाडवांना कुलूप देता येतं, पण याला काय द्यायचं? वहीत चौघांची नावं एकाखाली एक लिहिलेली मी पाहिली आहेत. समोरचा रकाना मोकळा. अण्णांच्या वहीत मोकळा रकाना मी त्याआधी पाहिला नव्हता.

जानेवारीत सुतारमिस्त्री आले. तोवर अण्णा पूर्ण भार टाकू लागले होते, कॉट वर गेली होती, वॉकर सवयीनं जवळ असे इतकंच. मी आपला वायसर घ्यायला उभा होतो.

"अण्णा, फ्लशचा दरवाजा द्या एक. अठ्ठ्याहत्तर-तीस."

"कशाला पायजे?"

"थोरलीच्या खोलीला. बारावी हाय तिची. खोलीला दारच न्हाई, सगळा टीव्हीचा आवाज आत."

अण्णांनी काठीनं दाखवलं. "तो मागचा घ्या."

"त्यो? तुमचाच?"

"प्लास्टिक निघालेलं न्हाई त्याचं." अण्णांनी वही ओढली. "सव्वासोळा स्क्वेअर फूट, एकशेवीसनं, एकोणीसशे पन्नास. वजा हमाली."

"कसली हमाली?"

"ऑगस्टमधली. एक नग, दुकान ते गाडी, गाडी ते मिरज. तुमची पाव."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. त्यांना राग आला होता हे दिसत होतं, आणि राग काढला तर दार राहील हेही त्यांना दिसत होतं. "बरं," ते म्हणाले, "हमालीच धरायची तर रेटनं धरा. सिमेंटच्या पोत्याचा रेट लावा. पन्नास किलोचं पोतं, तुमी दीड पोतं. त्याची पाव म्हंजे चहासुद्धा येत न्हाई."

"पोतं आपटलं तर चालतंय. हा जपून न्यायचा माल होता. काचेचा रेट."

"काचेचा? अण्णा, मिरजेपर्यंत तुमी आमाला शिव्या देत आला. काच बोलत न्हाई."

"काचेचा रेट, आणि वजनावर."

"वजनावर तर वजनावर. पण दीड पोत्याच्या वर मी देत न्हाई."

विकणारा सूट वाढवतोय आणि घेणारा ती खाली ओढतोय, अशी घासाघीस मी सांगलीच्या बाजारात पहिल्यांदा पाहत होतो. माझा वायसर बारक्याच्या हातात तसाच राहिला होता.

"बारक्या, काटा ओढ," अण्णा म्हणाले. वॉकर पाइपांच्या ढिगाला टेकवला आणि ते दोन्ही पायांनी काट्यावर चढून उभे राहिले, हात मागं बांधून. आकडे फिरले आणि थांबले.

"एकाहत्तर चारशे," बारक्यानं वाचलं.

मिस्त्री गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि त्यांनी डिस्प्ले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग बराच वेळ अण्णांच्या डाव्या मांडीकडं पाहिलं.

"अण्णा, ह्यात रॉड आलाय," ते म्हणाले. "त्यो आमी उचललेला न्हाई."

अण्णा काट्यावर तसेच उभे राहिले. "टायटॅनियम आहे. शंभर-सव्वाशे ग्रॅम भरेल."

"वजा करा."